सगळ्या बायकांना बोलावणं

गुरुवार, २ नोव्हेंबर २००६

मंगळवारी हॅलोवीनच्या संध्याकाळी वैजयंतीच्या पुढच्या खिडकीवर कोणीतरी अंडी मारली. मला हे आज कळतं, आणि तेही फ्लॉवर किती महाग झालाय या विषयावरून घसरत घसरत. मी म्हटलं, अगं, आधी नाही का सांगायचं? तर म्हणे, सांगण्यासारखं काय त्यात, गरम पाण्याने पुसून टाकली. शेजारच्या इव्हान्सकडेही मारली म्हणे. मारली असतील. पण आधी कोणाकडे आणि नंतर कोणाकडे, हे विचारलं का तिने? ती असली चौकशी करणारच नाही. माझं डोकं मात्र दिवसभर भणभणतंय.

त्याच फोनवर तिने दुसरी गोष्टही तितक्याच सहज सांगितली. तिचा मुलगा सुयश मागे लागलाय की आता घर विकून टाक आणि लंडनला, ईलिंगला आमच्याकडे ये. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? "बघू." वैजयंती "बघू" म्हणते तेव्हा तिचं बघून झालेलं असतं.

तिचे विष्णूभाऊजी आणि आमचे श्रीकांत, दोघांनी मिळून इथली सर्जरी, म्हणजे गावचा दवाखाना, चालवली. कार्डिफपासून तासाभरावरच्या वेल्सच्या या दरीत तेव्हा कोळशाच्या खाणी चालू होत्या आणि इथे यायला एकही गोरा डॉक्टर तयार नव्हता. पेशंट "डॉक्टर श्री" आणि "डॉक्टर विश" म्हणायचे. आम्ही दोघी आलटून पालटून रिसेप्शनवर बसलो. माझी अक्षया आणि तिचा सुयश कोणाच्या घरी जेवले आणि कोणाच्या घरी झोपले, याचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही. भाऊजींना जाऊन तीन वर्षं झाली. आता हीसुद्धा गेली तर मराठी बोलायला मला या गावात एकटे श्रीकांत उरतात, आणि ते बोलत नाहीत.

हे गाव तिला घालवतंय आणि मी हातावर हात ठेवून बसणार नाही. लायब्ररीत कौन्सिलचा कागद लागलाय: वंश, समानता आणि आपलं गाव, यावर एक आड एक मंगळवारी गावकऱ्यांचा संवाद. "कम्युनिटी डायलॉग" असं भारदस्त नाव आहे. मी दुपारीच जाऊन नाव देऊन आले.

बुधवार, १५ नोव्हेंबर

काल पहिली बैठक झाली. दहा-बारा माणसं, गोल मांडलेल्या खुर्च्या, आणि इथल्या पद्धतीप्रमाणे आधी चहा-बिस्किटं. चालवणारी कौन्सिलची मुलगी तिशीची असेल. नाव शान. आपल्याकडे असं नाव ठेवलं तर पोरीला जन्मभर ते निभवावं लागेल, पण वेल्शमध्ये ते आपलं साधं नाव आहे. तिने मोठ्या कागदावर नियम लिहिले. एका वेळी एकाने बोलायचं, आपल्या अनुभवातलं बोलायचं, दुसऱ्याच्या वतीने बोलायचं नाही.

मी माझा बस स्टॉपचा किस्सा सांगितला. गेल्या वर्षी जुलैमध्ये लंडनला स्फोट झाले त्याच आठवड्यात एक माणूस माझ्या अंगावर ओरडला होता, "गो होम." मी म्हटलं, घरीच चाललेय बाबा, बस तर येऊ दे. सगळे हसले. त्यानंतर महिनाभर मी बसने गेलेच नाही, हे मात्र मी सांगितलं नाही.

मग मी वैजयंतीच्या खिडकीचं सांगितलं, सविस्तर. माणूस गाव सोडायच्या गोष्टी करतो म्हणजे त्याच्या मनाला किती लागलं असेल, हेही सांगितलं. शानने ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, त्यांना स्वतःला इथे येऊन बोलायला आवडेल का? नियमाकडे तिने बोट दाखवलं नाही, पण मला कळलं. मी म्हटलं, ती येणार नाही, ती बुजरी आहे.

माझ्या एका बाजूला ग्वेनेथ होती. सत्तरीची, तोंडाने फटकळ. तिचा इद्रिस खाणीची धूळ छातीत भरून गेला, शेवटपर्यंत भाऊजीच बघत होते त्याला. दुसऱ्या बाजूला रुडो नावाची झिंबाब्वेची नर्स होती, वरच्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, काम करते. काळी आहे, पण फार नीटनेटकी आणि बोलणं मऊ. मला आवडली.

बुधवार, २९ नोव्हेंबर

वैजयंतीला म्हटलं, चल माझ्याबरोबर, तू नुसती बस. नाही म्हणाली. गुडघा दुखतो म्हणे. त्या गुडघ्याने ती डोंगरावरच्या घरून रोज खाली येते.

काल रुडो बोलली. नर्सिंग होममधल्या एक आजी तिच्या हातून जेवत नाहीत. दुसरी कोणी येईपर्यंत तोंड मिटून बसतात. रुडो म्हणाली, त्या मला शिवी देत नाहीत, गोड हसून "नंतर" म्हणतात, मी त्या नंतरची वाट बघत ताट धरून उभी राहते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माणसाला समोरच्या माणसाचं एवढंही कसं कळत नाही?

शेवटी शानने विचारलं, आज या खोलीत कोण नाही? सगळ्यांनी विचार करून सांगितलं. चर्चचे लोक नाहीत, तरुण पोरं नाहीत, नव्याने आलेली पोलिश मंडळी नाहीत. मी म्हटलं, माझी मैत्रीण नाही, कारण तिला इथे परकं वाटतं. शानने तेही लिहून घेतलं.

बुधवार, १३ डिसेंबर

मला एक कल्पना सुचली आणि ती मंजूरही झाली. बोलून बोलून माणसं जवळ येत नाहीत, काहीतरी एकत्र करायला हवं, असं शानचं म्हणणं होतं. मी म्हटलं, जानेवारीत आमची संक्रांत असते, तेव्हा आम्ही हळदीकुंकू करतो. घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला देवीसारखा मान द्यायचा, हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, एखादी छोटी वस्तू लुटायची. गरीब-श्रीमंत काही बघायचं नाही. शान तर हरखून गेली. "सो एव्हरीवन इज इन्क्लूडेड," ती म्हणाली. मी म्हटलं, एक्झॅक्टली.

शनिवार, २० जानेवारी, दुपारी तीन, लायब्ररीचा हॉल. कार्डिफहून देवयानी येईल. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, तिघींचे नवरे तिथे आयटीत आहेत. त्यांना अशा गोष्टींची हौस असते. श्रीकांतना सांगितलं तर म्हणाले, पुरुषांनी काय करायचं? मी म्हटलं, तुम्ही आयुष्यभर जे केलंत तेच करायचं, गाडी चालवायची.

मुख्य म्हणजे वैजयंतीला दिसेल की हे गाव इतकं काही वाईट नाही. तिच्या घरासमोर अजून विक्रीची पाटी लागलेली नाही. मी रोज तिकडून चक्कर मारून बघते.

शुक्रवार, २२ डिसेंबर

शानने पोस्टर सुरेख केलंय. पिवळा आणि लाल रंग, मध्ये पतंग. खाली मोठ्या अक्षरात इंग्रजीत, मग वेल्शमध्ये, आणि माझ्याकडून लिहून घेतलेलं मराठीत: सगळ्या बायकांना बोलावणं. आपली देवनागरी या लायब्ररीच्या दारावर बघून मला भरून आलं.

वैजयंती पुस्तकं परत करायला आली होती. तिने पोस्टर नीट वाचलं. मग मला विचारलं, "सगळ्या?"

मी म्हटलं, "हो, अगदी सगळ्या. ग्वेनेथ, रुडो, नर्सिंग होममधल्या पोरी, पोलिश बायका."

"अरे वा," ती म्हणाली, आणि पुस्तकं द्यायला काउंटरवर गेली.

शनिवार, १३ जानेवारी २००७

आज वैजयंती सकाळपासून इथे होती. तिळाच्या वड्या तिनेच केल्या. मला पाक जमत नाही, तिला बोटावर घेऊन बघताच कळतो. श्रीकांतनी दोनदा चोरून खाल्ल्या आणि दोनदा पकडले गेले. तिच्या असण्याने घराला घरपण येतं, हे मी तिला सांगणार होते, पण वड्या थापायची घाई होती.

भाऊजी गेल्यापासून आमची अशी वाटणीच झालीय. वड्या ती करते, दुपारी घरी जाते, आणि संध्याकाळी बायका येतात. तिला कोणी काही म्हटलेलं नाही. पण सगळ्या नटूनथटून बसलेल्या, करंडा फिरतोय, आणि ती मध्ये अवघडून बसलीय, असं कशाला? तिला वाईट वाटू नये, एवढंच माझ्या मनात असतं. तिलाही ते कळत असणार, कारण तिने कधी विचारलं नाही.

या वर्षी मात्र मी तिला आवर्जून सांगितलं की हॉलला यायचंच. स्वयंपाकघराचं सगळं तिच्यावर सोपवलंय, चहा, वड्या, कपबशा. कामात असली की तिला एकटं वाटणार नाही.

तिने विचारलं, "साडी नेसू का साधाच ड्रेस घालू?"

मी म्हटलं, "तुला सोयीचं वाटेल ते घाल गं, आत कोण बघतंय."

रविवार, २१ जानेवारी

कालचा कार्यक्रम पार पडला. तीसेक बायका आल्या. सगळं छान झालं, म्हणजे एक सोडून सगळं.

आधी छान ते लिहिते. देवयानीने पैठणी नेसून संक्रांतीची माहिती सांगितली. रुडो नर्सिंग होममधल्या दोघींना घेऊन आली. तिला कुंकू लावलं ते आमच्या कोणाच्याही कपाळावर खुललं नसतं इतकं खुललं. लुटायला मी वेल्श ड्रॅगनचं चित्र असलेले टी-टॉवेल आणले होते, त्यावरून ग्वेनेथ म्हणाली, आमचाच ड्रॅगन आम्हालाच देतेस होय. "गोड बोला" म्हणताना सगळ्यांच्या जिभा अडखळल्या आणि हसण्याने हॉल भरून गेला. शनिवार-रविवारसाठी घरी आलेली अक्षया फोटो काढत होती.

मी करंडा घेऊन रांगेने निघाले होते. तेवढ्यात वैजयंती वड्यांचं ताट घेऊन आतून आली. ती साडी नेसून आली होती. भाऊजींनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घेतलेली ती निळी नारायणपेठी. ग्वेनेथने शेजारची रिकामी खुर्ची थोपटली, ताट हातातून घेतलं, आणि तिला बसवलं. मी शानला लावलं. मग ग्वेनेथला लावलं. मग माझा हात आपोआप पुढच्या खुर्चीकडे गेला, वैजयंतीच्या पलीकडच्या, तिथे एक पोलिश मुलगी बसली होती.

ग्वेनेथ म्हणाली, "यू'व्ह मिस्ड वायजू, लव्ह."

किती साधं वाक्य. तिला वाटलं, गडबडीत राहून गेलं. सगळ्यांनाच तसं वाटलं असणार. देवयानी मात्र खाली बघत होती.

मी इंग्रजीत म्हटलं, "शी डझन्ट वेअर इट."

वैजयंती हसली आणि ग्वेनेथला म्हणाली, "दॅट्स राइट, आय डोन्ट." मग उठली, ताट घेतलं, आणि राहिलेल्या सगळ्यांना वड्या वाटून आत गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कार्यक्रम संपल्यावर कपबशा धुऊन, पुसून, पालथ्या घालून ठेवलेल्या होत्या, आणि ती नव्हती.

गाडीत अक्षयाने तिच्या इथल्या मोडक्या मराठीत विचारलं, "आई, तू वैजूमावशीला का नाही लावला कुंकू?"

मी म्हटलं, तसं नसतं. कसं नसतं? मी म्हटलं, मावशीला काका नाहीत ना आता. ती म्हणाली, "पण ग्वेनेथ पण विडो आहे." मी म्हटलं, त्यांचं वेगळं असतं.

"'त्यांचं' म्हणजे कोणाचा?" अक्षया म्हणाली. मी पुढे श्रीकांतना म्हटलं, हीटर जरा वाढवा.

मी काही खोटं बोलले नाही. ती खरंच कुंकू लावत नाही.

बुधवार, २४ जानेवारी

काल बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. शान म्हणाली, अख्ख्या प्रकल्पात असा कार्यक्रम झाला नव्हता, अहवालात फोटोसकट घालणार आहे. मी थँक्यू म्हटलं. ग्वेनेथने टाळ्या वाजवल्या की नाही ते मी बघितलं नाही. निघताना तिने विचारलं, वायजू बरी आहे ना? मी म्हटलं, हो, बरी आहे.

मला काय ठाऊक ती बरी आहे की नाही? ती रविवारपासून फोन उचलत नाहीये.

श्रीकांतना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "विष्णू असता तर त्याने काय केलं असतं?" मग परत पेपर उघडला. तीस वर्षांत एवढं मोठं वाक्य ते पहिल्यांदा बोलले असतील आणि ते नेमकं हे.

शुक्रवार, २६ जानेवारी

काल रथसप्तमी होती. दुपारी मी वैजयंतीकडे गेले. बाहेर विक्रीची पाटी लागलीय. ती बघून, खरं सांगायचं तर, मला थोडा रागच आला. त्या रागातच बेल वाजवली.

तिने चहा केला. मी सुरुवात केली ती पाटीपासून. म्हटलं, चार पोरांनी अंडी मारली म्हणून आपण घर सोडून जायचं? मग ते जिंकले. मी तिकडे मंगळवारी मंगळवारी कोणासाठी घसा कोरडा करतेय? तुझ्यासाठीच ना?

तिने माझं सगळं बोलणं होऊ दिलं. मग म्हणाली, "अनू, अंडी इव्हान्सच्या नातवानेच मारली, स्वतःच्या आजीच्या घरावरसुद्धा. त्याच्या आजीने दुसऱ्या दिवशी त्याला सॉरी म्हणायला पाठवलं. मी तुला सांगणार होते, पण तू ऐकायच्या मूडमध्ये नव्हतीस."

मी म्हटलं, मग जातेस का?

तिने कप बशीत ठेवला. तिचा आवाज चढला नाही, नाहीतर मला उत्तर देणं सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "या गावात मला कोणी परकं केलं नाही गं. बसमध्ये कोणी काही बोललं, दुकानात बोललं, ते मी दारातच ठेवून यायची. पण चौथी संक्रांत आहे ही. तू मला सकाळी वड्या करायला बोलावतेस आणि दुपारी घरी सोडतेस. पहिल्या वर्षी मला वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या वर्षी मी पाच वाजेपर्यंत साडी नेसून बसले होते."

माझ्या तोंडातून जे आधी आलं तेच मी बोलले. "तुला वाईट वाटू नये म्हणून, वैजू."

"माहितेय मला."

"आणि तू टिकली लावायची सोडलीस ती तुझी तू. आम्ही कोणी सांगितलं नव्हतं."

"नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. "लाव असंही कोणी म्हणालं नाही."

मी पर्समधून कुंकवाचा करंडा काढला. घरून निघताना टाकून घेतला होता. का ते मलाही नीट माहीत नाही. बहुतेक मला वाटलं असेल की लावलं की संपलं. तिने करंड्याकडे बघितलं आणि तिला चक्क हसू आलं. म्हणाली, "ठेव तो आत. मला कुंकवाची कधीच हौस नव्हती. कपाळ खाजायचं माझं, विष्णू मलम द्यायचा. मला कुंकू नको होतं, अनू. मला बोलावणं हवं होतं."

मी रडले. ती रडली नाही. तिने मला दुसरा कप चहा दिला आणि म्हणाली, घराचं मात्र आता ठरलंय, ते काही तुझ्यावर राग म्हणून नाही, नातवंडं आहेत तिकडे. हे शेवटचं तिने माझी समजूत काढायला म्हटलं की खरंच, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी

काल बैठकीला जाणार नव्हते. श्रीकांतनी न विचारता गाडी काढली म्हणून गेले.

शानचा प्रश्न होता, कोणाला जवळ घ्यायचं आणि कोणाला नाही हे आपल्याकडे कोण ठरवतं? मी हात वर केला. सांगायला लागले, पण "सवाष्ण" या शब्दाशी अडकले. इंग्रजीत शब्दच नाही. जिचा नवरा जिवंत आहे ती, असं म्हटलं तर शानला वाटलं, म्हणजे नुसती लग्न झालेली बाई. मी म्हटलं, नाही, तो एक मान असतो, आणि नवरा गेला की तो मानही जातो. कोणी येऊन काढून घेत नाही, फक्त पुढच्या वेळी बोलावत नाहीत. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत ते न बोलावणारी बाई मी होते. एवढं बोलून बसले. कान तापले होते माझे. आपल्या घरचं यांच्यासमोर काढलं, हेही एकीकडे मनाला चावत होतं.

कोणी नीतीचे धडे दिले नाहीत. ग्वेनेथ म्हणाली, क्लबात शनिवारी जोडप्यांची जेवणं असायची. इद्रिस गेल्यावर त्यांनी माझं नाव घालायचंच बंद केलं. मी विचारलं तर सगळ्यांचं एकच, "डिडन्ट वॉन्ट टु अपसेट यू, ग्वेन." मग तिने नाक शिंकरलं आणि म्हणाली, मी मात्र घरी बसून मजेत होते असं त्यांना वाटत असावं.

रुडोने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी एक घेतलं. पहिल्या दिवशी तिच्याबद्दल मी इथे काय लिहिलं होतं ते घरी आल्यावर सहज वर चाळलं, आणि त्यातला एक "पण" मला आवडला नाही. खोडला नाही. राहू दे.

शनिवार, २४ मार्च

वैजयंती गेली.

सुयशने व्हॅन आणली होती. आमच्या रस्त्यावरून निघाले तेव्हा मला वाटलं होतं की आम्ही दोघंच मदतीला असू. तिकडे जाऊन बघते तर तिच्या दारात निम्मी गल्ली उभी. इव्हान्स आजोबा दिवाण उचलायला वाकले तर बायकोने त्यांना ओरडून सरळ केलं. ग्वेनेथने वेल्श केक करून आणले होते. सर्जरीतल्या जुन्या पेशंटांपैकी एक जण वैजयंतीला "मिसेस विश" म्हणून मिठी मारून रडला, तो सहा फुटी माणूस. या लोकांना मी पाच महिने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. त्यातल्या काहींनी आमच्या अंगावर जन्मभर काहीबाही टाकलंय हेही खरं, आणि आज हे उभे होते हेही खरं. दोन्ही कुठे ठेवायचं ते मला समजत नाही.

स्वयंपाकघर आम्ही दोघींनी आवरलं. तिची पुरणाची चाळण तिने मला दिली. म्हणाली, तुला पुरण जमत नाही पण चाळण असू दे. मी म्हटलं, येत जा. ती म्हणाली, "तूही येत जा." अशी वाक्यं बोलली जातात तशीच ती बोलली गेली.

व्हॅन वळणावरून दिसेनाशी झाल्यावर श्रीकांतनी माझा हात धरला. लोकांसमोर. घरी आल्यावर मी तो विषय काढला नाही, नाहीतर पुन्हा धरायचे नाहीत.

शनिवार, ५ जानेवारी २००८

बऱ्याच महिन्यांनी ही वही उघडली. अधूनमधून फोन होत होते. तब्येत, नातवंडं, पाऊस. दिवाळीला आम्ही ईलिंगला जाऊन आलो. सगळं ठीक होतं आणि पूर्वीसारखं नव्हतं.

आज संक्रांतीची बोलावणी करायला बसले. या वर्षी हॉल नाही, घरीच आहे, शनिवारी एकोणीसला. देवयानीला मी काल सांगितलं, कोण सवाष्ण आणि कोण नाही हे माझ्या घरी बघायचं नाही, चालणार नसेल तर तसं आत्ताच सांग. ती म्हणाली, काकू, माझी आई पुण्यात दोन वर्षांपासून दार लावून बसते संक्रांतीला. मग बराच वेळ आम्ही तिच्या आईबद्दलच बोललो.

सगळ्यात आधी फोन केला तो ईलिंगला. नंबर दोनदा चुकला, लिहायला लाज कसली. पुण्यात आई दारोदार जाऊन म्हणायची ते सगळं मी रीतसर म्हटलं. म्हटलं, वैजयंतीबाई, एकोणीस तारखेला संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकवाला यायचं हं, नक्की.

मी म्हटलं, "वड्या मी करतेय. बिघडल्या तर बिघडल्या. तू संध्याकाळीच ये, पाहुण्यांसारखी."

"आणि माझा गुडघा?" ती म्हणाली. "एवढ्या लांब, या थंडीत. मी नाही आले तर चालेल ना?"

गेल्या चार वर्षांत याचं उत्तर मी तिला न बोलता दरवर्षी दिलं होतं. आज ते तोंडाने द्यायचं होतं.

मी म्हटलं, "नाही चालणार."

मग ती मागे सुयशला काहीतरी विचारत असल्याचा आवाज आला, आणि तो म्हणत होता, पॅडिंग्टनहून कार्डिफला थेट गाडी आहे, ममा.